रोहिणीच्या भिंतीतली ओल

समाचाराला गेलेल्या घरी एक वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते: "काही म्हणजे काही तक्रार नव्हती हो त्यांना, गेल्याच महिन्यात कार्डिओग्राम काढला होता, तोही व्यवस्थित निघाला होता." पन्नाशीच्या आसपासचा, चालताबोलता, आदल्या रात्री पंक्तीत बसून पोटभर जेवलेला गृहस्थ सकाळी छातीत दाटल्यासारखे वाटते म्हणतो आणि दुपारच्या आत घरावर आकाश कोसळते. उलटपक्षी, त्याच गल्लीत असे एखादे वृद्ध गृहस्थ असतात की, ज्यांना जिना चढताना गेली दहा वर्षे छातीत कळ येते, ज्यांच्या हृदयाची एक वाहिनी पाऊण बंद असल्याचे निदान कधीच झालेले आहे, आणि जे औषधाची पुडी खिशात ठेवून नातवंडांची लग्ने पाहतात.

वाहिनी हळूहळू बुजत जाते आणि पूर्ण बुजली की झटका येतो, ही सर्वसाधारण समजूत खरी मानली, तर या दोन्ही हकिकतींचा उलगडा होत नाही. कारण मग पहिल्याला वर्षानुवर्षे पूर्वसूचना मिळावयास हवी होती आणि दुसऱ्याचा घात केव्हाच व्हावयास हवा होता. हे कोडे सुटते ते रोहिणी, म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी वाहिनी, ही काय वस्तू आहे हे नीट समजून घेतल्यावरच.

हृदयाचा स्वतःचा पुरवठा

मुठीएवढे आणि सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे हे स्नायुमय इंद्रिय दिवसाकाठी १,००,००० वेळा आकुंचन पावते, आणि शरीर विश्रांती घेत असतानाही मिनिटाला ५ लिटर, म्हणजे अहोरात्रात ७,००० लिटरांहून अधिक रक्त पुढे ढकलते. हे रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडेच येते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपल्या ग्रंथात सप्रमाण दाखवून दिले. परंतु हृदयाच्या कप्प्यांतून इतके रक्त वाहत असूनही त्याच्या जाड स्नायूला त्यातून पोषण घेता येत नाही. महारोहिणीच्या मुळापासून निघणाऱ्या दोन शाखांवर, ज्यांतली डावी लगेचच दुभंगते, त्याला सर्वस्वी अवलंबून राहावे लागते. या हृद्रोहिणींचा आरंभीचा व्यास अवघा तीन ते चार मिलिमीटर असतो.

या पुरवठ्याची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. डाव्या कप्प्याचा स्नायू आवळला जात असताना आपल्याच वाहिन्या दाबून टाकतो, त्यामुळे त्याला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत; ठोके जलद पडू लागले की नेमका हाच अवधी आखडतो. शिवाय शरीराचे इतर अवयव रक्तातील प्राणवायूचा सरासरी पाव हिस्साच उचलतात आणि उरलेला अडीनडीसाठी शिल्लक ठेवतात, तर हृदय विश्रांतीतही सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेते. सबब, काम वाढले की त्याच रक्तातून अधिक काही वसूल करण्याची सोय त्याला उरत नाही, अधिक रक्तच मागवावे लागते, आणि ते मिळावे म्हणून रोहिणीला ऐनवेळी रुंद व्हावे लागते. रुंदीतला अल्पसा फरकही येथे मोठा ठरतो. प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात काढलेल्या नियमानुसार अरुंद वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखाली वाहणारा प्रवाह निम्मा न राहता सोळाव्या हिश्शावर येतो.

जिवंत अस्तर

ऐनवेळी रुंद होणारी वस्तू निर्जीव नळी असू शकत नाही. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात, आणि त्यांतल्या सर्वांत आतल्या थराचे, रक्ताला प्रत्यक्ष स्पर्श करणारे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. फार काळ वैद्यकाने या अस्तराकडे केवळ गुळगुळीत आच्छादन म्हणून पाहिले. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करताना असे दाखवून दिले की, एका विशिष्ट द्रव्याने ही पट्टी सैल पडते खरी, पण आतले अस्तर घासून काढले असेल तर ती सैल पडत नाही. अर्थात, स्नायूला सैल पडण्याची आज्ञा देणारे काहीतरी त्या अस्तरातून निघत असले पाहिजे. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय असे पुढे निष्पन्न झाले, आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हृद्रोगी माणूस कळ आल्यावर जी गोळी जिभेखाली धरतो, तीही शरीरात शेवटी हाच वायू मोकळा करते.

हे अस्तर निरोगी असते तेव्हा ते वाहिनीला सैल ठेवते, रक्ताची गुठळी होऊ देत नाही, पांढऱ्या पेशींना चिकटू देत नाही. वाढलेला रक्तदाब, तंबाखूतील विषे आणि रक्तातील अतिरिक्त साखर हे तिघेही प्रथम आघात करतात तो या एकपेशीय पडद्यावर. आणि रोहिणीला जेथे फाटे फुटतात, जेथे प्रवाह सरळ न राहता भोवरे घेतो, तेथे हा पडदा आधीच दुबळा असल्यामुळे रोगाची ठाणी प्रायः त्या फाट्यांपाशीच आढळतात.

भिंतीच्या आत

जुन्या वाड्यातील जाड भिंतीला ओल लागते तेव्हा काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. पाणी गिलाव्याच्या मागे मुरते. खोलीत बसणाऱ्याला भिंत पूर्वीइतकीच स्वच्छ दिसते आणि खोलीही तसूभर लहान होत नाही. आतला चुना मात्र भुसभुशीत होत जातो, गिलावा फुगतो, आणि एखाद्या दिवशी कोणाचा हातही लागलेला नसताना मोठा पोपडा धाडकन खाली येतो. पोपडा पडण्याची घटका एक, परंतु ओल मुरण्याची वर्षे अनेक. रोहिणीचा विकार बहुतांशी याच जातीचा आहे.

येथे मुरणारी ओल म्हणजे कोलेस्टेरॉल. हा स्निग्ध पदार्थ स्वतः विष नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो आणि यकृत तो रोज तयार करते. मात्र पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून त्याची ने-आण प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेल्या सूक्ष्म कणांमार्फत होते. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण रक्तात जितके अधिक आणि जितका काळ अधिक, तितके ते दुबळ्या अस्तरातून भिंतीत शिरतात, तेथील तंतूंना अडकून राहतात आणि हळूहळू बिघडतात. बिघडलेल्या कणांची विल्हेवाट लावण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात, कण अधाशीपणे गिळतात, आणि पोटात मेद भरून फेसाळ झालेल्या अवस्थेत तेथेच मरून पडतात. त्यांच्या मरणाने दाह वाढतो, दाहाने आणखी पेशी बोलावल्या जातात, आणि मेदाचा एक मऊ साठा जमत जातो. भिंतीतील स्नायुपेशी मग त्यावर तंतूंचे झाकण घालून तो बंदिस्त करण्याची तजवीज करतात.

यातली विशेष गोष्ट अशी की, साठा वाढत असता रोहिणी बाहेरच्या बाजूने फुगून त्याला जागा करून देते, आतली वाट मोकळीच राहते. सीमूर ग्लॅगोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मृतांच्या हृद्रोहिणींची मोजमापे घेऊन दाखवले की, अशा साठ्याने भिंतीच्या आतील क्षेत्राचा सुमारे ४० टक्के हिस्सा व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही. कार्डिओग्राम आणि पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी तपासणी हृदयाला एवढेच विचारतात की, तुला आज पुरेसे रक्त मिळते आहे काय. आणि हृदय प्रामाणिकपणे 'होय' असे उत्तर देते. कसूर तपासणीची नसते. भिंतीत काय मुरले आहे, हा प्रश्नच तिला कोणी विचारलेला नसतो.

झाकण फुटते तेव्हा

जुन्या, कठीण, जाड झाकणाच्या साठ्याने वाट खरोखरच अरुंद होते, परंतु तो सहसा फुटत नाही. चढण चढताना कळ येते, थांबले की शमते. कालांतराने शेजारच्या वाहिन्यांतून लहान लहान पर्यायी वाटाही तयार होतात. आपल्या गल्लीतील वृद्ध गृहस्थ या प्रकारचे. याउलट पुष्कळदा ज्याने वाट निम्मीसुद्धा अडवलेली नसते, अशा मऊ साठ्यावरचे झाकण दाहाने कुरतडले जाऊन पातळ होते, आणि रक्तदाबाच्या एखाद्या उसळीने ते चिरते. आतला मेद रक्ताच्या संपर्कात येताच, जखम झाली असे समजून रक्त गोठण्याची सारी यंत्रणा तेथे धाव घेते, आणि कालपर्यंत मोकळी असलेली वाहिनी काही मिनिटांत गुठळीने बंद होते. पुढील सुमारे अर्ध्या तासात पुरवठा तुटलेल्या स्नायूच्या पेशी मरू लागतात, आणि जी मेली ती पेशी बहुधा पुन्हा उगवत नाही.

म्हणूनच छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी वेदना, दरदरून घाम, कारण नसता धाप लागणे, यांपैकी काही घडले असता 'पित्त झाले असेल', 'गॅस धरला असेल' म्हणून ओवा-सोडा घेऊन पहुडणे हे आपल्या घराघरांतले सर्वांत घातक धोरण आहे. स्त्रियांच्या आणि मधुमेह्यांच्या बाबतीत तर छातीतली कळ गौण असून केवळ मळमळ, थकवा वा धाप एवढेच लक्षण असू शकते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते; ती बोलावण्यात घालवलेला प्रत्येक संकोचाचा क्षण हृदयाच्या स्नायूतून वजा होतो.

बाविशीतल्या रोहिणी

ओल केव्हा लागते? कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये लष्करी वैद्यांनी उघडून पाहिली. त्यांचे सरासरी वय २२ होते, आणि तरीही चारांपैकी तिघांच्या हृद्रोहिणींत विकाराच्या खुणा डोळ्यांनी दिसत होत्या. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालाने, हा म्हातारपणाचा रोग आहे ही समजूत कायमची खोडून काढावयास हवी होती. ती अद्यापि पुरती खोडली गेलेली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

काळाचे महत्त्व याहूनही ठळकपणे दाखवणारा पुरावा २००६ साली पुढे आला. काही अमेरिकन कृष्णवर्णीयांमध्ये एका जनुकातील जन्मजात बदलामुळे एलडीएल सर्वसाधारण माणसापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी असते. एवढ्या माफक घटीने त्यांच्यातील हृद्रोहिणीविकाराचे प्रमाण किती घटावे? १५ वर्षांच्या निरीक्षणात ते ८८ टक्क्यांनी कमी आढळले. आणि हेही त्यांच्यातील कित्येकांना रक्तदाब, धूम्रपान वा मधुमेह यांची बाधा असताना. पन्नाशीनंतर औषधाने तेवढीच घट केली असता इतका लाभ होत नाही. याचा अर्थ असा की, रोहिणी आजचा आकडा पाहत नाही, ती आयुष्यभराच्या आकड्यांची बेरीज करीत जाते.

फ्रेमिंगहॅमचे दप्तर

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका मोजला गेला होता. तो कित्येक वर्षे चढत होता आणि राष्ट्रातील उत्तमोत्तम वैद्य तो पाहत होते. परंतु वयानुसार कठीण झालेल्या वाहिन्यांतून रक्त पोहोचावे म्हणून दाब वाढणे स्वाभाविक व आवश्यकच आहे, असा त्या काळच्या वैद्यकाचा समज होता. अशा समजुती पारखून पाहण्याचे काम लवकरच हाती घेतले गेले: १९४८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची नावे नोंदवून, दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करीत, पुढे कोणाला हृद्रोग होतो हे चिकाटीने पाहण्यास प्रारंभ झाला. रोग झालेल्यांना मागचे विचारण्याऐवजी निरोग्यांचे पुढचे पाहावयाचे, ही त्यातली नवी दृष्टी. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांची नावे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत ती मुख्यत्वे या गावाच्या दप्तरामुळे.

त्या दप्तराने शिकवलेली खरी गोष्ट ही की, हे दोष केवळ एकाशेजारी एक उभे राहत नाहीत, ते एकमेकांना बळ देतात. किंचित चढलेला रक्तदाब, किंचित वाढलेले कोलेस्टेरॉल आणि दिवसाला चार विड्या, अशी 'फारसे काही नाही' म्हणून सोडून दिली जाणारी त्रयी एकाच दोषाच्या मोठ्या आकड्याहून अधिक धोक्याची ठरू शकते. तंबाखूविषयी तर आपल्याकडे एक पळवाट रूढ आहे: ओढत नाही, फक्त मळून खातो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या संशोधनात चघळलेल्या तंबाखूनेही झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढलेली आढळली. गुटखा आणि मशेरी याच कुळातली.

चौकट : जवळ बाळगावेत असे आकडे
रक्तदाब १२०/८०च्या खाली असणे उत्तम. पुनःपुन्हा १४०/९० वा अधिक भरल्यास इलाज हवाच. एलडीएल १००च्या आत. झटका येऊन गेलेल्यांसाठी निदान ७०च्या आत. उपाशीपोटीची साखर १००च्या आत. दोन वेळा १२६ वा अधिक भरल्यास मधुमेह. कंबरेचा घेर भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, याहून कमी. हे आकडे पन्नाशीत प्रथम पाहण्याचे नाहीत. विशीत एकदा पाहून ठेवावेत आणि पुढे वैद्याच्या सल्ल्याने पाहत राहावे.

किडकिडीत, तरीही मेदस्वी

'इंटरहार्ट'च्याच नोंदींनुसार दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका येण्याचे मध्य वय ५३ होते, तर इतर देशांत ते सुमारे ५९. आपण इतरांहून अधिक स्थूल आहोत म्हणावे, तर तसेही नाही. या विसंगतीचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे घेतला आहे. त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश वैद्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये शेजारी शेजारी उभे राहिलेले आपले छायाचित्रच प्रसिद्ध केले: दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किलो; तथापि आपल्या बाळात उणीव असते ती प्रामुख्याने स्नायूंची व पोटातील इंद्रियांची, त्वचेखालचा मेद त्या मानाने राखलेला असतो. म्हणजे स्नायू कमी, मेद अधिक ही घडण आईच्या उदरातच सुरू होते, आणि पुढे बैठे काम व मुबलक अन्न लाभले की तो मेद पोटात व यकृतात साठून साखर आणि रक्तातील मेद दोन्ही बिघडवतो. वजनकाट्यावर समाधान मानणाऱ्या आपल्या लोकांनी, म्हणूनच, कंबरेला फीत लावावी. आणि हृदयाचे आरोग्य राखण्याचा पहिला खर्च गरोदर स्त्रीच्या ताटावर व्हावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

ओल रोखण्याचे इलाज

झटक्याच्या प्रसंगी बंद वाहिनी उघडून तीत स्टेंट बसवणे हे प्राण वाचवणारे कर्म आहे, याबद्दल वाद नाही. परंतु केवळ श्रमाने येणाऱ्या, स्थिर स्वरूपाच्या वेदनेसाठी बसवलेला स्टेंट वेदना कमी करीत असला, तरी उत्तम औषधोपचारापेक्षा आयुष्य वाढवतो असे मोठ्या चाचण्यांत दिसून आलेले नाही. आणि हे कोडे आता कोडे राहू नये, कारण स्टेंट एका जागी वाट रुंद करतो आणि ओल साऱ्या भिंतीत असते. साऱ्या भिंतीवर अंमल चालतो तो स्टॅटिन वर्गातील औषधांचा, ज्यांतले पहिले द्रव्य जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीतून काढले. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती ते मंदावते, त्यामुळे यकृत आपल्या पेशींच्या पृष्ठावरील ग्राहकांची, म्हणजे एलडीएल पकडणाऱ्या रेणूंची, संख्या वाढवून रक्तातले एलडीएल ओढून घेते. साठा फारसा आकसत नाही, परंतु त्यातला मेद घटून झाकण घट्ट होते. बरे वाटते म्हणून ही गोळी आणि रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. बरे वाटणे हे त्या गोळीचे काम नव्हेच, हे त्यांना वैद्याने पहिल्याच भेटीत समजावून सांगावयास हवे.

व्यायामाबद्दल एक जुना दाखला अजूनही बिनतोड आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. एकाच गाडीवर, एकाच हवेत काम करीत असून दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृद्रोग कमी आणि बसून राहणाऱ्या चालकांना अधिक होत असे. वेगाने वाहणारे रक्त अस्तराला स्पर्शून जाते तेव्हा ते अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड सोडते. भरभर चालण्याची आठवड्याला १५० मिनिटे एवढी किमान मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे ती पाळणे बहुतेकांच्या आवाक्यातले आहे. आहारात मीठ दिवसाला एका चहाच्या चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून, कमी. आणि ते ताटात वाढलेल्या मिठापेक्षा लोणचे, पापड, फरसाण व बेकरीच्या जिनसांतून अधिक जाते. वनस्पती तुपातील घातक कृत्रिम मेदावर भारत सरकारने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. परंतु तेच तेल पुनःपुन्हा कढवून तळण्याच्या रिवाजावर आपल्या स्वयंपाकघराखेरीज कोणाची सत्ता चालणार?

एक निकडीची गोष्ट उरते. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली ज्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, ते यकृतावरील याच ग्राहकांविषयीचे होते. काही घराण्यांत या ग्राहकांचा दोष जन्मतः असतो, एलडीएल बालपणापासून चढलेले असते, आणि हा दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. घरातल्या पुरुषाला ५५च्या आत किंवा स्त्रीला ६५च्या आत झटका आला असेल, तर रुग्ण घरी परतण्याची वाट न पाहता त्याची भावंडे आणि मुले, मग ती शाळेत जाणारी का असेनात, यांच्या रक्तातील एलडीएल त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.